चेंडूचा विटाळ कसा झाला नाही?



कोन गावात रविवारी फेरी मारली, तर मोकळी जागा दिसेल तिथे टेनिस बॉलचे क्रिकेट चाललेले असते. आमच्या रायगड जिल्ह्याला या खेळाचे वेडच आहे. या पोरांना सचिन ठाऊक, रोहित ठाऊक, आयपीएलमध्ये कोणाला किती कोटी मिळाले तेही तोंडपाठ. पण बाळू पालवणकर कोण, असे विचारले तर सगळे एकमेकांच्या तोंडाकडे बघतात.

विहारातल्या बैठकीत आम्ही हे नाव काढले तेव्हा एक ज्येष्ठ बंधू म्हणाले, "बाबासाहेबांच्या विरोधात निवडणुकीला उभा राहिलेला माणूस! त्याचे कौतुक आपण कशाला करायचे?" प्रश्न रास्त आहे. पण एका वाक्यात उत्तर देऊन भागणारा नाही, म्हणून हा लेख.

बाळूंचा जन्म १८७६ सालचा, चांभार समाजातला. वडील लष्करात नोकरीला. पुण्यात एका पारशी क्लबात खेळपट्टी झाडायची, रोलर ओढायचा, अशी त्यांची पहिली नोकरी. पगार महिना ३ रुपये. पुढे ते गोऱ्या साहेबांच्या पूना क्लबात गेले, तेव्हा पगार झाला ४ रुपये. तिथे ग्रेग नावाचा इंग्रज फलंदाज सराव करायचा. बाळू त्याला डावखुरी, संथ फिरकी टाकायचे. आपल्याला बाद केले की ग्रेग दर वेळेला ८ आणे देत असे, असे सांगतात. बाळूंनी तिथे तासन् तास गोलंदाजी केली, पण त्यांच्या हातात बॅट मात्र कोणी दिली नाही. फलंदाजी हे साहेबाचे काम, गोलंदाजी ही हमाली!

पुण्याच्या हिंदू संघाला गोऱ्यांना हरवायचे होते. त्यासाठी बाळूंसारखा गोलंदाज दुसरा नव्हता. म्हणून सवर्णांनी त्यांना संघात घेतले. मैदानावर सगळे एकच चेंडू हाताळायचे. बाळूंनी टाकलेला चेंडू यष्टिरक्षक झेलायचा, क्षेत्ररक्षक उचलायचा, कोणी आंघोळ करायचा नाही. पण चहाची वेळ झाली की बाकीच्यांना कपबशी, आणि बाळूंना बाहेर मातीच्या भांड्यात चहा. जेवायला वेगळे ताट, वेगळी जागा. हात-तोंड धुवायचे तर अस्पृश्य नोकराने मैदानाच्या कोपऱ्यात पाणी आणून द्यायचे. चेंडूचा विटाळ होत नाही आणि कपाचा होतो, हे कोणत्या शास्त्रात लिहिले आहे? ज्यात आपला फायदा त्यात विटाळ नाही, एवढेच ते शास्त्र. न्यायमूर्ती रानडे यांनीही तेव्हा विचारले होते, की बाळूंबरोबर खेळता येते तर खाता-पिता का येत नाही?

प्लेगच्या सुमारास बाळू मुंबईला आले. बी. बी. सी. आय. रेल्वेत नोकरी लागली आणि हिंदू जिमखान्याकडून ते खेळू लागले. त्यांचे भाऊ शिवराम, गणपत आणि विठ्ठल हेही एकापेक्षा एक खेळाडू निघाले. १९०६ साली हिंदू संघाने युरोपियन संघाला १०९ धावांनी हरवले, तेव्हा बाळू आणि शिवराम दोघेही संघात होते. १९११ साली पतियाळाच्या महाराजांच्या नेतृत्वाखाली भारतीय संघ इंग्लंडला गेला. संघ २३ सामन्यांपैकी १५ हरला. पण एकट्या बाळूंनी त्या दौऱ्यात ११४ बळी घेतले. ते मुंबईला परत आल्यावर अस्पृश्य समाजाने त्यांचा जाहीर सत्कार केला. त्या सत्काराचे मानपत्र कॉलेजात शिकणाऱ्या भीमराव आंबेडकरांनी तयार केले होते, असे इतिहासकारांनी नोंदवले आहे. ज्येष्ठ बंधूंनी ही गोष्ट ध्यानात घ्यावी.

एवढे करूनही बाळूंना हिंदू संघाचे कर्णधारपद कधीच मिळाले नाही. १९१३ साली कर्णधार झालेल्या पै यांनी स्वतः म्हटले, की हा मान माझे मित्र बाळू यांचा होता. १९२० साली तर बाळूंना संघातूनच वगळले. तेव्हा शिवराम आणि विठ्ठल या दोघा भावांनी जाहीर पत्रक काढून संघातून माघार घेतली. आमच्या मते पालवणकर बंधूंनी काढलेली सर्वांत मोठी विकेट हीच. पंचवीस वर्षे चेंडू टाकून जे मिळाले नाही, ते "आम्ही खेळत नाही" एवढे म्हटल्यावर हलू लागले. त्याच वर्षी अंतिम सामन्यासाठी बाळूंना उपकर्णधार करावे लागले, आणि १९२३ साली विठ्ठल हिंदू संघाचे कर्णधार झाले. त्या वर्षी स्पर्धाही जिंकली. गुण होतेच, पण गुणाला मान मिळाला तो एकजुटीमुळे.

आता निवडणुकीकडे वळू. १९३२ च्या पुणे करारावर बाबासाहेबांबरोबर बाळूंचीही सही आहे. पण स्वतंत्र मतदारसंघाच्या प्रश्नावर ते बाबासाहेबांच्या बाजूने नव्हते. १९३७ साली भायखळा-परळ भागातून बाबासाहेब स्वतंत्र मजूर पक्षातर्फे उभे राहिले, तेव्हा काँग्रेसने त्यांच्यासमोर मुद्दाम बाळूंना उभे केले. बाबासाहेबांना १३,२४५ मते पडली, बाळूंना ११,२२५. अंतर २,०२० मतांचे.

ही मते देणाऱ्यांत परळच्या चाळींतली आपली कामगार माणसे होती. गिरणी कामगारांसाठी म्हाडाने २०१६ साली ज्या घरांची सोडत काढली ती आमच्या कोनमधलीच, म्हणजे परळचे नाते आता या गावालाही जोडलेले आहे. बाळूंचा खेळ त्या मतदारांच्या बापजाद्यांनी डोळे भरून पाहिला असेल. तरी त्यांनी मत दिले ते बाबासाहेबांना. आवडता खेळाडू आणि आपला नेता, यातला फरक त्या कमी शिकलेल्या माणसांना कळला. आज सिनेनट आणि खेळाडू मते मागायला येतात, तेव्हा तो आपल्याला कळतो का?

आम्ही पडलो कारकून. हिशेब मांडताना जमेची बाजूही लिहायची आणि खर्चाचीही, ही आमची सवय. १९३७ साली बाळू चुकीच्या बाजूला उभे राहिले, हे आम्ही स्पष्ट लिहितो. पण त्यापायी ११४ बळी आणि ते मातीचे भांडे खोडून टाकले, तर आपल्याच इतिहासाचे पान आपण फाडले असे होईल. ज्यांनी त्यांना कपातला चहा दिला नाही, त्यांनाच बाबासाहेबांना अडवायला बाळू उपयोगी पडले. गुणी माणसामागे स्वतःची संघटना नसेल, तर दुसरे त्याचा असा वापर करतात. दोष एकट्या बाळूंचा धरून भागणार नाही. १९५५ च्या जुलैत बाळू गेले. पुढच्याच वर्षी बाबासाहेबांनी दीक्षाभूमीवर आपल्याला नवा मार्ग दिला. तो बाळूंना बघायला मिळाला नाही. आपल्याला मिळाला आहे.

म्हणून आई-वडिलांना आमचे सांगणे आहे. मुलगा म्हणाला, मला क्रिकेटपटू व्हायचे आहे, तर त्याच्यावर ओरडू नका. मुलगी म्हणाली तर तिलाही बॅट द्या. पण शाळेचे दप्तर सुटू देऊ नका. आणि त्यांना बाळूंची गोष्ट सांगा, चहाच्या भांड्यापासून मतपेटीपर्यंत, काही न लपवता. विहारातल्या बालवर्गातही ती सांगावी. खेळाडू जरूर व्हा. पण कोणाचे प्यादे होऊ नका.

जयभीम! नमो बुद्धाय!