डिकीचा उंबरा

फेब्रुवारी २०२३ मधल्या एका रविवारी आम्ही कडे चढायचा ६० मीटरचा एक चांगला रोप सुरीने कापून टाकला. वर्षभरापूर्वीच घेतलेला, जेमतेम सात-आठ चढाया पाहिलेला. झालं असं, की इन्व्हर्टरची बॅटरी दुकानात नेताना थोडं ॲसिड गाडीतल्या मॅटवर सांडलं. नवऱ्याने ते पुसलं, वरून पाणीही मारलं. दोन दिवसांनी मी रोपची पिशवी नेहमीच्या जागी, त्याच मॅटवर ठेवली आणि घरी आल्यावर पिशवीच्या तळाला तळहाताएवढा डाग दिसला. आतल्या रोपवर काहीच दिसत नव्हतं. मी तो वीतवीतभर चाचपून पाहिला. कुठे मऊ लागला नाही, कुठे रंग उडालेला नव्हता. पण नायलॉनला ॲसिड लागलं की धागा कमकुवत होतो, आणि ते बाहेरून कळेलच असं नाही. पुढच्या महिन्यात त्या रोपवर माझी लेक चढणार होती. चुकून कोणी पुन्हा वापरू नये म्हणून आम्ही त्याचे मीटर-मीटरचे तुकडे केले.

सासूबाई शेजारी बसून बघत होत्या. "एवढ्या महागाचा दोर गं," म्हणाल्या. मग थोड्या वेळाने, "तुमच्या गाडीत सगळं एकात एक असतं. कांदे, बॅटरी, दोर आणि मी."

गाडी बदलायचा विषय खऱ्या अर्थाने त्या दिवशी निघाला.

आमची गाडी म्हणजे २००८ ची ओम्नी. घरात तिला सगळे व्हॅनच म्हणायचे. ७९६ सीसीचं इंजिन पुढच्या सीटखाली, त्यामुळे एप्रिलमध्ये जुन्नरच्या पुढे गेलं की बसल्या जागी खालून धग लागायची. पण सामान नेण्यासाठी तिच्यासारखी गाडी मी दुसरी पाहिली नाही. सरकते दरवाजे, सपाट तळ, मागचं दार वर उघडणारं. घाटघर, पाचनई, रतनवाडी, तैलबैला या सगळ्या पायथ्यांना ती आम्हाला घेऊन गेली. मुलं तिच्यातच झोपत मोठी झाली. मे महिन्यात तिच्या नोंदणीची पंधरा वर्षं भरत होती. फिटनेस करून, हरित कर भरून आणखी पाच वर्षं चालवता आली असती आणि नवऱ्याचा कल तिकडेच होता.

मला ते पटत नव्हतं. कड्यावर आम्ही एका अँकरवर कधी विसंबत नाही, दुसरा असतोच. गाठ मारणारा एक आणि तपासणारा दुसरा. हेल्मेटशिवाय पोरांना कड्याच्या पायथ्याशीही उभं राहू देत नाही. आणि त्या कड्यापर्यंतचे शंभर-सव्वाशे किलोमीटर मात्र त्यांना एअरबॅग नसलेल्या, पुढच्या माणसाच्या गुडघ्यांपुढे नुसता पत्रा असलेल्या गाडीतून न्यायचं. नवे सुरक्षा नियम आल्यावर २०१९ मध्ये कंपनीनेच ओम्नी बनवणं थांबवलं होतं. हे मी नवऱ्याला एकदाच सांगितलं, आवाज न चढवता. तो बराच वेळ गप्प बसला आणि मग म्हणाला, "बघू या. पण सामान मावलं पाहिजे."

मग सामान म्हणजे नेमकं किती, हा प्रश्न आला. पंधरा वर्षांत ते आम्ही कधी मोजलं नव्हतं. व्हॅनमध्ये टाकायचं आणि दार लावायचं, एवढंच. मार्केट यार्डातून भाजीचे चार प्लास्टिकचे क्रेट आणले, लांबी ६० आणि रुंदी ४० सेंटिमीटर. एकात रोप, स्लिंग आणि हार्नेस. दुसऱ्यात कॅराबिनर, हातोडे, बोल्ट असं जड सामान. तिसऱ्यात स्टोव्ह, पातेली, शिधा. चौथ्यात हेल्मेट आणि औषधांची पेटी. तंबू, मॅट आणि स्लीपिंग बॅग क्रेटबाहेर, सॅकमध्ये. सगळं पार्किंगमध्ये मांडलं आणि वजनकाट्यावर एकेक चढवलं. दोन डायनॅमिक रोप आणि एक शंभर मीटरचा स्टॅटिक मिळून १५ किलो. धातूचं सामान १८, हेल्मेट-हार्नेस वगैरे ९, तंबू आणि अंथरूण-पांघरूण २२, स्वयंपाकाचं २१. आणि पाण्याचे २० लिटरचे दोन कॅन, म्हणजे ४० किलो. मार्चनंतर सह्याद्रीतल्या सुळक्यांच्या पायथ्याशी पाणी मिळेल या भरवशावर कोणी जात नाही. एकूण १२५ किलो झाले. आम्हा पाच जणांचं वजन २७५. म्हणजे आमच्या गाडीला ४०० किलो उचलायचे होते, तेही घाटात.

हा आकडा हातात आल्यावर अर्ध्या गाड्या आपोआप गळल्या. कुठल्याही गाडीच्या मॅन्युअलमध्ये भरलेल्या गाडीचं कमाल वजन दिलेलं असतं. त्यातून रिकाम्या गाडीचं वजन वजा केलं की माणसं आणि सामान मिळून किती भार चालतो ते कळतं. बऱ्याच लहान गाड्यांत हा भार ४०० ते ५०० किलोंच्या मध्ये कुठेतरी येतो. शोरूममध्ये हे कोणी आपण होऊन सांगत नाही. तिथे डिकी किती लिटरची तेवढं सांगतात. लिटरचा आकडा खोटा नसतो, पण त्यात चाकांवरच्या कमानींमधली मोकळी रुंदी कळत नाही, दाराचं तोंड वर निमुळतं होतं का ते कळत नाही, आणि डिकीचा उंबरा जमिनीपासून किती वर आहे ते तर मुळीच कळत नाही. १८ किलो लोखंड भरलेला क्रेट त्या उंबऱ्यावरून उचलून पलीकडे खाली ठेवायचा म्हणजे काय, हे ज्याची कंबर एकदा धरली आहे त्याला विचारावं.

म्हणून आम्ही क्रेट घेऊनच गाड्या बघायला जायचो. पहिल्या शोरूममध्ये नव्या गाडीला ओरखडे पडतील म्हणून क्रेट आत नेऊ दिले नाहीत. लेकीने घरी येऊन जुन्या पुठ्ठ्याचे तेवढ्याच मापाचे चार खोके केले आणि पुढच्या खेपेपासून ते न्यायला लागलो. त्याला कोणाची हरकत नव्हती. चार मीटरच्या आतल्या एका एसयूव्हीत दोन खोके गेले आणि दार लागेना. शिवाय अशा गाड्यांत स्टेपनी बहुधा डिकीच्या तळाखाली असते. रात्री माळशेजात पंक्चर झालं तर आधी सगळं सामान पावसात रस्त्यावर काढून ठेवायचं.

सीएनजीचा मोह मोठा होता. किलोमीटरमागे खर्च कमी, आणि पुणे-नाशिक रस्त्यावर पंपही आहेत. पण डिकीतला सिलिंडर पाहिला आणि विषय संपला. त्याच सुमारास टाटांनी अल्ट्रोझमध्ये एका मोठ्या सिलिंडरऐवजी दोन लहान सिलिंडर तळाखाली बसवून डिकी मोकळी ठेवली होती. कल्पना मला फार आवडली, पण ती गाडी आम्हा पाचांना आणि सामानाला लहान पडली असती. ट्रायबर मला मनापासून पटली होती. चार मीटरच्या आत सात सीट, तिसरी रांग उचलून घरीच ठेवता येते आणि मग ६२५ लिटर जागा होते. २०२१ च्या ग्लोबल एनकॅप चाचणीत मोठ्यांच्या सुरक्षेला चार तारेही मिळालेले. पण इंजिन हजार सीसीचं, आणि आमचे ४०० किलो. सपाटीवर राहणाऱ्या, हलकं सामान नेणाऱ्या कुटुंबाला मी आजही तीच सांगेन. बोलेरो नवऱ्याला आवडली. दणकट आहे, रस्ता नसेल तिथेही जाते. सासूबाईंना मात्र चढताना दोन्ही बाजूंनी धरावं लागलं, आणि बोलेरोचं मागचं दार बाजूला उघडतं.

हे दार वर उघडण्याचं महत्त्व ज्यांनी पावसात पायथ्याशी बूट बदलले आहेत त्यांना कळेल. वर उघडलेलं दार म्हणजे पडवी. तिच्याखाली स्टोव्ह पेटतो, ओले कपडे बदलता येतात, म्हातारं माणूस उंबऱ्यावर टेकून चहा पितं. व्हॅनच्या दाराखाली आम्ही पंधरा पावसाळे काढले होते. ते मी सोडणार नव्हते.

सासूबाईंचं माप वेगळं होतं. त्यांचे गुडघे दुखतात. खाली वाकून बसायची गाडी नको आणि पाय उचलून चढायचीही नको. "आपल्या दिवाणावर बसते तसं बसता आलं पाहिजे," एवढंच त्यांचं म्हणणं. मुलांनी दिवाणाची उंची मोजून पुठ्ठ्याच्या खोक्यावर पेनाने रेघ मारून ठेवली आणि प्रत्येक गाडीच्या दारात खोका उभा करून सीट त्या रेघेच्या किती वर-खाली येते ते बघायला लागली.

शेवटी जिच्यावर नजर ठरली ती आमच्या यादीत नव्हतीच. नेहमीच्या गॅरेजवाल्या काकांकडे एक २०१९ ची मराझो सर्व्हिसिंगला आली होती आणि मालक ती विकायच्या विचारात होता. काका म्हणाले, "ताई, ही फार खपली नाही, म्हणून सेकंडहँडला भाव पडलाय. पण गाडी बघा." दीड लिटरचं डिझेल इंजिन, ३०० न्यूटन-मीटर टॉर्क, खाली ट्रकसारखी चासी, आणि २०१८ च्या चाचणीत मोठ्यांच्या सुरक्षेला चार तारे. मुख्य म्हणजे आठ सीटांची. मधल्या रांगेत दोन स्वतंत्र खुर्च्या असलेली गाडी दिसायला छान, पण पाच जणांच्या घरात पाचवं माणूस तिसऱ्या रांगेत जातं आणि डिकी खाऊन टाकतं. सलग बाक असला की तिघं मध्ये बसतात आणि मागची रांग पूर्ण दुमडता येते. तीन खोके खाली, एक वर, उरलेल्या फटीत सॅक उभ्या. दार लागलं. सासूबाई दारात उभ्या राहिल्या, मागे सरकल्या आणि बसल्या. कोणाचा हात लागला नाही. ही गाडी नाशिकच्या कारखान्यात बनली हे कळल्यावर त्यांनी निकालच दिला. "माझ्या माहेरची आहे. घ्या."

नवऱ्याची शंका रास्त होती. कमी खपलेल्या गाडीचे सुटे भाग पुढे मिळतील का? काकांनी इंजिनचे भाग कुठे मिळतील, बाहेरच्या पत्र्याचे कुठे वेळ लागेल, ते सरळ सांगितलं. गाडी लिफ्टवर चढवून खालून टॉर्च मारून दाखवली. याआधी आम्ही अलिबागकडची एक गाडी पाहिली होती. वरून आरशासारखी, आणि खाऱ्या हवेने खालून पापुद्रे सुटलेले. हिचा तळ कोरडा होता. मग मी मालकाला विनंती केली की आमचं खरं सामान आणि आमची माणसं भरून चालवू द्या. तो भला माणूस, हो म्हणाला. आम्ही कोंढव्यावरून बोपदेव घाट चढलो. दुसऱ्या वळणावर नवऱ्याने गाडी मुद्दाम थांबवली, हँडब्रेक ओढला आणि चढावर पुन्हा उचलली. ती मागे सरकली नाही. माथ्यावर पोचल्यावर त्याने इंजिन बंद केलं आणि स्टिअरिंगवर हात ठेवून नुसता बसून राहिला. मला वाटतं व्हॅनचा निरोप त्याने तिथेच घेतला.

गाडी आमच्या नावावर व्हायला फॉर्म २९ आणि ३०, बँकेची एनओसी, विमा, या सगळ्यात महिना गेला.

भरलेली गाडी चालवणं आम्हाला नव्याने शिकावं लागलं. ड्रायव्हरच्या दाराजवळच्या पट्टीवर हवेचे दोन आकडे असतात, एक थोड्या माणसांसाठी आणि एक पूर्ण भारासाठी. आता निघायच्या आदल्या दिवशी मागच्या चाकांत दुसऱ्या आकड्याएवढी हवा भरतो. मागे वजन पडलं की गाडीचं नाक वर उचलतं आणि हेडलाइट समोरच्याच्या डोळ्यात जातात. त्यासाठी स्टिअरिंगजवळ एक लहानसं चाक असतं, ते फिरवून झोत खाली घेतो. जड क्रेट मधल्या बाकाच्या पाठीला टेकून तळाशी, पट्ट्याने बांधलेला. हातोडा सुटा राहता कामा नये. करकचून ब्रेक लागला तर तो पोरांच्या डोक्याच्या दिशेनेच येईल. टपावर काही नाही. रोप तर नाहीच, ऊनही नायलॉनला खातं. आणि इन्व्हर्टरची बॅटरी आता दुकानदार घरी येऊन नेतो.

नोव्हेंबरात घाटघरला गेलो, जीवधनच्या वानरलिंगीसाठी. सुळक्याच्या पायथ्यापर्यंत गाडी जात नाही. गाडी घाटघरच्या पठारावर उभी करून पहाटे आम्ही निघालो. नवरा लीड, मी बिलेवर, म्हणजे दोर सांभाळायला, लेक आयुष्यात पहिल्यांदा एवढ्या मोठ्या चढाईत सेकंड. धाकटा आजीजवळ राहिला. आम्ही परतलो तेव्हा ऊन कललं होतं. मागचं दार वर होतं आणि सासूबाई डिकीच्या उंबऱ्यावर पाय सोडून बसल्या होत्या. हातात दुर्बीण, शेजारी झाकलेलं पिठल्याचं पातेलं.

"दिसले का गं मी?" लेकीने विचारलं.

"लाल हेल्मेट दिसलं. मध्ये बराच वेळ हललंच नाही."

"पाय सापडत नव्हता आजी."

लेकीने रोप झटकला, दोन्ही टोकांपासून चाचपत मध्यापर्यंत आणला, गुंडाळला आणि पिशवीत घातला. मग पहिल्या नंबरचा क्रेट पुढे ओढला. या क्रेटना कडेच्या खाचा हाताला कापायच्या, म्हणून तिने पावसाळ्यात चारींना रोपच्या मुठी गाठून घेतल्या होत्या. निळा रोप, त्यात पिवळी वेलबुट्टी, फेब्रुवारीत कापलेला. त्या मुठीला धरून तिने क्रेट उचलला, उंबऱ्यावर टेकवला आणि आत सरकवला. सासूबाई थोड्या बाजूला सरकल्या.