फिशटँकची पाठ

फिशटँकच्या मागच्या काचेला काय लावायचे, हा प्रश्न बहुतेक घरांत सगळ्यांत शेवटी निघतो. टाकी येते, स्टँड येतो, वाळू धुऊन पसरली जाते, पाणी भरले जाते. मग दिवा लागतो आणि मागच्या काचेतून फिल्टरची नळी, एअर पंपाची वायर आणि भिंतीवरचा सॉकेट लख्ख दिसू लागतो. तोवर उशीर झालेला असतो. तीन फूट लांब, दीड फूट रुंद आणि दीड फूट उंच टाकीत काठोकाठ सुमारे 190 लिटर पाणी मावते, म्हणजे नुसत्या पाण्याचे वजन 190 किलो. अशी टाकी भिंतीपासून पुढे ओढून मागे हात घालता येत नाही. म्हणून पाठीचा निर्णय टाकी रिकामी आणि कोरडी असतानाच घ्यावा लागतो.

पाठ नुसती झाकण्यासाठी नसते. टाकी किती खोल दिसणार, हेही तीच ठरवते. पाण्याचा अपवर्तनांक 1.33 असल्यामुळे समोरून सरळ पाहताना पाण्यातली वस्तू तीन-चतुर्थांश अंतरावरच आहे असे वाटते. दीड फूट रुंदीची टाकी डोळ्याला साडेतेरा इंचांचीच भासते. म्हणजे पाठ मुळातच पुढे सरकलेली असते. तिच्यावर भडक चित्र असेल, तर ते आणखी पुढे येते. गडद, एकरंगी पाठ मागे हटल्यासारखी वाटते. छापील पोस्टरची टाकी उथळ आणि काळ्या पाठीची खोल दिसते, त्याचे कारण हे.

दुसरी बाजू माशांची. माशांच्या कातडीत काळ्या रंगद्रव्याच्या पेशी असतात. परिसर गडद असला, की त्या पेशींमधले कण पसरतात आणि मासा गडद होतो. परिसर पांढरा असला, की कण मध्यभागी गोळा होतात आणि तोच मासा फिका पडतो. तसाच परिसर आठवडेच्या आठवडे राहिला, तर पेशींची संख्याही कमी-जास्त होते. दुकानातल्या उघड्या, पांढऱ्या टाकीत फिकट वाटलेला मासा घरी काळ्या पाठीपुढे रंगात येतो, त्यात खाद्यापेक्षा पाठीचा वाटा मोठा असू शकतो. चारही बाजू उघड्या असलेल्या टाकीत बुजरे मासे कोपरा धरतात. एक बाजू बंद झाली, की ते मोकळे फिरू लागतात. आरसा मात्र पाठीला कधीच लावू नये. फायटर किंवा हद्द राखणारे सिक्लिड आपल्याच प्रतिबिंबाशी भांडत बसतात.

रंग निवडताना आधी मासे पाहावेत, दिवाणखान्याचा पडदा नंतर. निऑन टेट्रा, गोल्डफिश, लाल-पिवळे गप्पी आणि हिरव्या वनस्पती यांना काळा रंग उत्तम. काळी मोली किंवा ब्लॅक घोस्ट त्याच काळ्यात हरवतात. त्यांना राखाडी किंवा मध्यम निळा बरा. नदीतल्या साध्या बार्बना मातकट, शेवाळी छटा शोभते, कारण त्यांची गडद पाठ आणि चंदेरी पोट तशाच पाण्यासाठी घडले आहे. निसर्ग अभ्यासक विल्यम सायक्सने 1839 मध्ये वर्णन केलेला महसीर, ज्याचे आजचे शास्त्रीय नाव टॉर खुद्री, पुण्याच्या पूर्वेला मुळा-मुठेतच मिळाला होता. पुण्याजवळच्या वाघोलीच्या दक्षिणेकडून वाहणारी नदी ती हीच. महसीर घरातल्या टाकीत मावणारा मासा नव्हे, पण या नदीचे पाणी कोणत्या रंगाचे असते ते डोळ्यांसमोर आणले, तर देशी माशांमागे झगझगीत निळे समुद्रतळाचे चित्र का विसंगत वाटते ते कळते. पांढऱ्या पाठीवर शेवाळाचा पहिला ठिपकाही दिसतो. काळ्यावर शेवाळ लपते, पण टाकीसमोर खिडकी असेल तर पुढची काच आरशासारखी होते आणि माशांऐवजी खिडकीच दिसत राहते. तेव्हा काळा निवडायचा तर टाकी खिडकीसमोर ठेवू नये.

साहित्यात सगळ्यांत स्वस्त म्हणजे दुकानात फुटावर मिळणारे दोन्ही बाजूंनी छापलेले पोस्टर. ते नुसते सेलोटेपने चारी कोपऱ्यांना अडकवले, की काच आणि पोस्टर यांच्यात हवेची फट राहते. पाणी बदलताना चार थेंब मागे ओघळतात, फटीत चढतात आणि पोस्टरवर ओले डाग उमटतात. वाघोली 2021 मध्ये पुणे महापालिकेत आली, तरी अनेक सोसायट्यांची मदार अजून बोअरवर आणि टँकरवर आहे. बोअरच्या जड पाण्याचा थेंब सुकला, की क्षारांचा पांढरा वण मागे राहतो, आणि तो फटीत असला तर पुसताही येत नाही. म्हणून पोस्टरची वरची कड टेपने सलग बंद करावी आणि काचेवर ग्लिसरिनचा पातळ थर देऊन पोस्टर त्यावर दाबावे. हवा निघून जाते आणि चित्रही उजळ दिसते.

पोस्टरपेक्षा नीटस काम रेडियमचे. गाड्यांच्या नंबरप्लेट आणि दुकानांचे बोर्ड करणाऱ्या रेडियमवाल्याकडे काळा, निळा, राखाडी असा एकरंगी चिकट कागद मापाने कापून मिळतो. काच साबणाच्या पाण्याने ओली करावी, कागद वरून खाली सोडावा आणि जाड प्लास्टिकच्या पट्टीने मधून कडेकडे पाणी काढत जावे. ओल्या काचेवर कागद सरकवता येतो. कोरड्या काचेवर तो पहिल्यांदा जिथे टेकतो तिथेच चिकटून बसतो.

रंगकामात मात्र सगळा क्रम उलटा असतो. भिंतीवर शेवटचा हात दिसतो. काचेवर मागून रंग लावला, की समोरून कायम पहिलाच हात दिसतो. पहिल्या हातात राहिलेला केस, धुळीचा कण किंवा बोटाचा ठसा नंतरचे कितीही हात झाकू शकत नाहीत. वाघोली परिसरात दगडखाणी, खडी क्रशर आणि नगर रस्त्यावरची डंपरची वर्दळ यांमुळे काचेवर धूळ बसायला वेळ लागत नाही. म्हणून खिडक्या बंद करून, स्पिरिटने काच पुसून लगेच पहिला हात द्यावा. बाहेरच्या बाजूने पाण्यात मिसळणारा इमल्शन रंग पुरतो. स्पंजच्या रोलरने पहिला हात आडवा, तो वाळल्यावर दुसरा उभा, मग तिसरा. शेवटी टाकीत बल्ब धरून मागून पाहावे; जिथे उजेड झिरपतो तिथे आणखी रंग लागेल. निळ्यातून उजेड आरपार जातो, त्यामुळे निळ्याच्या मागे काळ्याचा एक हात दिला तर निळा गहिरा होतो.

बाजूच्या काचा शक्यतो तशाच सोडाव्यात. समोरून पाहिले, की बाजूची काच चंदेरी आरशासारखी दिसते, कारण पाण्यातून तिरपा गेलेला प्रकाश काचेपलीकडच्या हवेत न शिरता पूर्ण परत फिरतो. त्या काचेत पाठीचाच रंग लांबवर गेलेला दिसतो आणि टाकी रुंद भासते. बाहेरून टेपने लावलेला कागद समोरून बहुधा दिसतच नाही. रंग थेट काचेवर लावला, तर मधली हवा जाते, आरसा संपतो आणि टाकी पेटीसारखी होते.

वनस्पतींच्या टाक्यांत दुधी पाठीचाही मान आहे. जपानचे ताकाशी अमानो यांच्या वळणाने टाक्या सजवणारे अनेकजण काचेवर ऑफिसच्या दारांना लावतात तशी फ्रॉस्टेड फिल्म लावतात आणि तिच्यामागे एलईडी पट्टी ठेवतात. त्यासाठी भिंत आणि टाकी यांच्यात काही इंचांची जागा हवी. पट्टी काचेला टेकली, तर सलग उजेडाऐवजी नुसत्या ठिपक्यांची रांग दिसते.

सगळ्यांत मेहनतीची पाठ म्हणजे आतून उभा केलेला दगडी कडा. थर्माकोल कोरून त्यावर सिमेंटचा लेप देतात. तीन फूट लांब, दीड फूट उंच आणि दोन इंच जाड थर्माकोल सुमारे 21 लिटर पाणी बाजूला सारतो. म्हणजे पाणी भरले की जवळजवळ तेवढ्याच किलोंच्या जोराने तो वर उसळू पाहतो. म्हणून तो सिलिकॉनने पूर्ण पाठीला चिकटवावा लागतो. सिलिकॉन बुरशीनाशक मिसळलेले नको, आणि व्हिनेगरसारखा वास पूर्ण जाईपर्यंत पाणी भरू नये. ताज्या सिमेंटमधला चुना पाण्याचा पीएच वाढवतो; म्हणून आधी काही आठवडे पाणी भरून, बदलून, पीएच स्थिर झाल्यावरच मासे सोडावेत.

खरा दगड लावायचा तर वाघोलीत काळा बेसॉल्ट हाताशीच आहे. भरीव, पोकळ्या नसलेल्या बेसॉल्टचा पाण्यावर फारसा परिणाम होत नाही. पोकळ्या असलेला दगड मात्र तपासून घ्यावा. त्या पोकळ्यांत झिओलाइट खनिजांबरोबर कॅल्साइटही असते, आणि कॅल्साइट पाण्याचा जडपणा वाढवते. व्हिनेगरचा थेंब टाकल्यावर बुडबुडे आले, तर तो दगड बाजूला ठेवावा. इथल्या खाणींनी जगभरच्या संग्राहकांना कॅव्हन्साइट हे निळे खनिज दिले. 1973 मध्ये अमेरिकेतल्या ओरेगनमधून त्याचे पहिले वर्णन झाले, पण उत्तम नमुने वाघोलीचे. फिकट स्टिल्बाइटवर उमललेला तो निळा रंग टाकीत शोभेल असे वाटले, तरी त्यात व्हॅनेडियम आहे. तो काचेच्या कपाटातच राहू द्यावा.

बदलायची वेळ आली आणि मागे हात पोहोचत असेल, तर पोस्टर ओढून निघते, रेडियम हेअर ड्रायरने गरम करून सोलता येते आणि इमल्शन ओले करून ब्लेडने खरवडता येतो. थर्माकोलचा कडा काढायचा तर टाकी रिकामी करण्यावाचून गत्यंतर नाही, आणि काढताना काचेच्या सांध्यातले सिलिकॉन कापले जाण्याची भीती असते. नवशिक्याने पहिल्या टाकीला काळे रेडियम लावावे. वर्षभरात आपले मासे आणि आपली खोली कळली, की मग रंग किंवा कडा.