पाणीसुद्धा नाही!

आंबिवली,
रमजानचा दुसरा आठवडा

चि. छकुलीस,


तुझा फोन आला तेव्हा कढईत भजी होती, म्हणून धड बोलता आलं नाही. आता तरावीहची रात्रीची नमाज आटोपून लिहायला बसलेय. "खाला, पाणीसुद्धा नाही?" हे तू फ्रॉकात होतीस तेव्हापासून विचारतेस. अगं, तुझी आई हरतालिका निर्जळी करायची, तिला कधी विचारलंस? पहिले तीन-चार दिवस डोकं दुखतं, तेही तहानेनं नव्हे, चहावाचून. पुढे सवय होते. आपल्याकडे पहाटेपासून सूर्यास्तापर्यंत सव्वाबारा ते साडेचौदा तास भरतात. उन्हाळा-हिवाळ्यात फरक पडतो तो तासांपेक्षा घामाचा. चांद्रवर्ष दहा-अकरा दिवसांनी लहान, म्हणून रमजान मागे मागे सरकतो. 2018 साली तो मे-जूनच्या काहिलीत आला होता. 2030 साली तर जानेवारीत एकदा आणि डिसेंबरअखेर पुन्हा सुरू होईल.

मला विचारशील तर रोज्याचे नियम पोटाशी सौम्य आहेत आणि तोंडाशी कडक. आपण माणसं नेमकं उलटं पाळतो. हिजरी सनाच्या दुसऱ्या वर्षी रोजे फर्ज, म्हणजे बंधनकारक झाले. कुराणात जिथे त्यांचा हुकूम आहे तिथेच सवलतही सांगितली आहे: आजारी असाल, प्रवासात असाल, तर नंतर भरून काढा. ज्याला झेपतच नाही त्यानं एकेका रोज्यामागे एका गरिबाला जेवू घालावं, तो फिद्या. विसरून घोटभर पाणी प्यायलात तर रोजा मोडत नाही. पण खोटं बोलणं, चहाडी, शिवीगाळ सुटली नाही, तर अशा माणसाच्या उपाशी राहण्याची अल्लाहला गरज नाही, असं हदीसमध्ये बजावलंय. तरी मधुमेहाची गोळी चुकवून हट्टानं रोजा धरणारे आमच्याकडे आहेत, आणि इफ्तारच्या ताटावरच जावेची उणीदुणी काढणाऱ्याही आहेत. (मी त्यांत नाही, असं छातीठोक सांगत नाही.)

प्रवासाच्या सवलतीवरून आमचे हे हसायचे. आमच्या हनफी पंथाच्या हिशेबात साधारण पाऊणशे किलोमीटरच्या पुढे माणूस मुसाफिर ठरतो. आंबिवली ते सीएसएमटी साठेक किलोमीटर, म्हणजे कसारा लोकलला लोंबकळून जाणारा मुसाफिर नव्हेच! इथली एनआरसी कंपनी 2009 साली बंद पडली, त्याआधी हे आणि तुझे बाबा एकाच खात्यात. दुसरी पाळी असली की रोजा तिथेच सुटायचा, खजूर डब्यातून जायचा. वेळ कोण सांगायचं? तुझे बाबा. कुलाब्यापेक्षा आपल्याकडे सूर्य मिनिटभर आधी मावळतो, हेही त्यांनीच काढलेलं.

आपल्या इराणी वस्तीतले लोक शिया. ते मगरिबला, म्हणजे सूर्यास्ताच्या नमाजाला, आणखी थोडं थांबतात. पूर्वेची लाली ओसरल्यावर रोजा सोडतात. एकोणिसाव्या रोज्याची पहाट आणि एकविसावा रोजा त्यांच्यासाठी दुःखाचा, कारण हिजरी 40 मध्ये कूफाच्या मशिदीत नमाजात असताना त्यांचे पहिले इमाम हजरत अली यांच्यावर वार झाला आणि दोन दिवसांनी ते गेले. पेपरात या वस्तीचं नाव येतं ते पोलिसांच्या बातमीपुरतं. त्यांच्या या रोज्यांबद्दल, या दुःखाबद्दल कुणी लिहीत नाही.

ईदच्या नमाजाआधी घरातल्या प्रत्येक माणसामागे फितरा काढायचा, पावणेदोन किलोच्या आसपास गहू किंवा त्याचे पैसे, तान्ह्या बाळाचासुद्धा. ईदच्या दिवशी गरिबाच्या घरीही चूल पेटली पाहिजे, एवढाच त्याचा मतलब. आमदारांच्या इफ्तारीचे फलक लागतात, त्यांच्याशी याचा काही संबंध नाही.

आता तुझ्या ऑफिसातल्या मैत्रिणीचं. तिच्यासमोर डबा खाऊ नये का, म्हणतेस. खुशाल खा, तिनं रोजा तुझ्या डब्याविरुद्ध धरलेला नाही. फक्त संध्याकाळची मीटिंग जमलं तर अलीकडे घे. आणि पाळीच्या दिवसांत बाईला रोजा नसतो, नंतर भरून काढायचा असतो. तरी घरात सासरे-दीर असले की आम्ही स्वयंपाकघराच्या दाराआड उभ्यानं दोन घास गिळत आलो. कुणी पाहिलं तर जीव लाजेनं अर्धा व्हायचा. तेव्हा ती दुपारी खाताना दिसली तर "आज रोजा नाही?" असं मात्र विचारू नकोस. चार लोकांत तर मुळीच नको.

तुझी,
शेजारची खाला