लेस्टरचा सूर्यास्त

गतवर्षी डिसेंबरमध्ये मुलाकडे इंग्लंडमधील लेस्टर येथे जाण्याचा योग आला. त्या दिवसांत तेथे दुपारी चारच्या आतच सूर्य मावळतो. मुलगा व सून कामावर, नात शाळेत. त्यामुळे सूर्यास्तापूर्वी जेवण्याचा नियम पाळणारे आम्ही उभयता साडेतीनलाच एकटे जेवायला बसत असू. परदेशातील वास्तव्य म्हणजे काय, ते त्या शांत स्वयंपाकघरात प्रथम उमगले.

मनावर आणखी एक ओझे होते. मुलाला ब्रिटिश नागरिकत्व घ्यायचे होते. भारताचा कायदा दुहेरी नागरिकत्व मानत नाही. भारतीय पारपत्र परत करावे लागते. माझा रुकार मी वर्षभर लांबवला होता.

रविवारी ऑक्सफर्ड स्ट्रीटवरील जैन मंदिरात गेलो. मूळची ही वास्तू चर्चची. आज तिचा दर्शनी भाग शुभ्र संगमरवराचा आहे. १९८८ मध्ये येथे प्रतिष्ठा झाली. श्वेतांबर मंदिर, दिगंबर मंदिर, स्थानकवासी उपाश्रय आणि श्रीमद् राजचंद्रांचे स्मारक, सारे एकाच छताखाली! आमच्या सांगलीकडे असे दृश्य मी कधी पाहिले नव्हते.

तेथे भेटलेले एक वयोवृद्ध गुजराती गृहस्थ युगांडात जन्मलेले. १९७२ मध्ये इदी अमीनने आशियाई लोकांना ९० दिवसांत देश सोडण्यास फर्मावले. लेस्टरच्या नगरपालिकेने तर तेथील वृत्तपत्रात जाहिरात देऊन, आमच्या शहरात येऊ नका, असे सुचवले होते. तरीही माणसे आली. मी एकोप्याचे कौतुक करताच ते हसून म्हणाले, "वेगवेगळी मंदिरे बांधण्याएवढे आम्ही नव्हतोच, साहेब. एकत्र बसलो म्हणून हे झाले."

परतताना मनाशी हिशेब मांडला. या मंडळींना हाकलून लावले गेले होते. आपली मुले स्वेच्छेने जातात. पारपत्राचा रंग बदलला म्हणून संस्कार बदलत नाहीत. परंतु ते आपोआप टिकतही नाहीत. त्यासाठी कोणीतरी रविवारची सकाळ द्यावी लागते. रात्री मुलाला संमती दिली आणि एवढेच मागितले, की नातीला दर रविवारी मंदिरात न्यावे.

तो थोडा वेळ गप्प राहिला. मग म्हणाला, "नेईन, आप्पा. पण पुढच्या वेळी तुम्ही जूनमध्ये या. तेव्हा सूर्यास्त रात्री साडेनऊला असतो. आपण सगळे एकत्र जेवू."