अक्कांची चाल



आगमनकाळ लागला की आमच्या छोट्या मंडळीत दोन याद्या निघतात. एक मांडव, सतरंज्या, चहाची भांडी आणि लाइटच्या माळांची, दुसरी गाण्यांची. पहिली मी करतो आणि तिच्यावरून कोणी भांडत नाही. दुसरीवरून दरवर्षी थोडी धुसफूस होतेच. यंदा ती जरा जास्त झाली, कारण तरुण संघाने नाताळफेरीसाठी जी बारा गाणी काढली त्यांत मराठी एकही नव्हते. दहा कानडी, एक हिंदी, एक इंग्रजी. आणि सगळी मोबाइलवरच्या तयार संगीतावर म्हणायची.

मुलांना दोष देण्यात अर्थ नाही. निंबर्गा आळंद तालुक्यातले, कलबुर्गी जिल्ह्यातले गाव. १ नोव्हेंबर १९५६ ला भाषावार प्रांतरचना झाली, जुन्या हैदराबाद राज्यातला हा मुलूख म्हैसूर राज्यात गेला, आणि आमच्यासारखी काही मराठी घरे जिथे होती तिथेच राहिली. घरात मराठी, रानात कानडी, बाजारात दखनी असे आमचे चालत आले. आता नातवंडे घरातही कानडी बोलतात. त्यांच्या शाळेत देवनागरी येते ती हिंदीच्या तासाला. मराठी उरली ती म्हाताऱ्यांच्या प्रार्थनेत आणि ‘उपासना संगीता’च्या त्या जाड पुस्तकात, ज्याच्या आमच्याकडे सहा प्रती आहेत आणि त्यांतल्या दोनांना पुठ्ठे नाहीत.

माझे वडील शिक्षक होते. त्यांनी १९७१ साली सोलापूरहून रेडिओ आणला. त्या वेळी रेडिओला परवाना लागे. दरवर्षी पोस्टात फी भरून पुस्तकावर शिक्का घ्यायचा. दोन बांबूंच्या मध्ये तांब्याची जाळीदार पट्टी ताणून एरियल केली होती. तिच्यावर चिमण्या बसल्या की आम्हाला वाटे, त्यांच्याही कानात काहीतरी जात असणार. कलबुर्गीचे आकाशवाणी केंद्र १९६६ ला सुरू झालेले, ते दिवसभर खणखणीत लागे. मराठी मात्र रात्रीची वाट पाहत असे. मध्यम लहरी दिवसा जमिनीलगत थोड्या लांबपर्यंतच जातात. अंधार पडला की वातावरणाच्या वरच्या थरावरून परत फिरून शेकडो मैल पोहोचतात. त्यामुळे पुणे आणि सांगली आम्हाला जेवणानंतर ऐकू येत, तेही कधी जवळ, कधी विहिरीतून बोलल्यासारखे. वडील म्हणत, सीमेवरच्या माणसाला मातृभाषा अंधारातच भेटते. हे ते हसत हसत म्हणत, पण आई हसत नसे.

त्यांच्या रेडिओच्या आठवणी त्याहूनही जुन्या होत्या. निझामाच्या काळात हैदराबादला डेक्कन रेडिओ होता आणि त्यावर उर्दू, तेलुगू, मराठी, कानडी अशा चारही भाषांत कार्यक्रम होत. वडिलांनी तो लहानपणी एका देशमुखांच्या वाड्याबाहेर उभे राहून ऐकलेला. पुढे १९५५-५६ मध्ये पुणे केंद्रावरून दर आठवड्याला गीतरामायणाचे एकेक गीत होई, छपन्न गीते झाली. गदिमांचे शब्द, सुधीर फडक्यांच्या चाली. वडील तेव्हा सोलापुरात शिकायला होते आणि वसतिगृहातले सगळे एका रेडिओभोवती बसत. त्यांना ते फार आवडे. एकदा कोणी विचारले, गुरुजी, तुम्ही ख्रिस्ती, तुम्हाला रामायण कसे चालते? ते म्हणाले, “भाषा तर माझीच आहे की.” आणि मग त्यांनी त्या गृहस्थांना नारायण वामन टिळकांबद्दल तासभर सांगितले. त्या बिचाऱ्याने तेवढे विचारले नव्हते.

टिळक आमच्या घरात पाहुण्यासारखे नव्हे, आजोबांसारखे होते. शाळेच्या पुस्तकांनी त्यांना फुलामुलांचे कवी म्हणून ओळखले, आम्ही भजनांतून ओळखले. १८९५ साली बाप्तिस्मा घेतल्यावर त्यांनी पाहिले की मराठी ख्रिस्ती माणूस परदेशी चालींवर भाषांतरित गाणी म्हणतो आहे, ओठ हलतात पण मान डोलत नाही. म्हणून त्यांनी अभंग, ओव्या, पदे लिहिली, कीर्तने उभी केली. तुकोबांचा अभंग ज्या मापाने चालतो त्याच मापाने त्यांनी येशूला हाक मारली. ‘ख्रिस्तायन’ त्यांच्या हातून अपुरे राहिले, १९१९ ला ते गेले, आणि पुढचा मोठा भाग लक्ष्मीबाईंनी लिहिला. ज्या बाईंनी घरीच अक्षरओळख करून घेतली त्यांनी! हे आठवले की मला आमच्या बायकांच्या गाण्याच्या वह्यांकडे वेगळ्या नजरेने पाहावेसे वाटते.

आता एक गंमत. आमच्या उपासनेत पेटी नसेल तर गाणे उभेच राहत नाही. ही पेटीही मुळात युरोपातल्या पायपेटीची लेक, पाद्र्यांच्या सामानातून आलेली, इथे मांडी घालून बसायला शिकली. पण १९४० साली ऑल इंडिया रेडिओने याच पेटीला बंदी केली. ती परकी आहे, तिच्या पट्ट्या ठरलेल्या असतात, आपल्या गाण्यातली मींड आणि श्रुती तिच्यातून निघत नाहीत, असे सांगितले गेले. बंदी तीसएक वर्षे टिकली. त्यानंतर १९५२ ला नभोवाणी खात्याचे मंत्री झालेले बाळकृष्ण केसकर, ते तर आपले मराठीच, त्यांनी चित्रपटगीतांवर कात्री चालवली. लोक काय करणार? सिलोनकडे वळले. दर बुधवारी रात्री आठ वाजता अमीन सायानी आणि बिनाका गीतमाला. शेवटी १९५७ ला विविध भारती काढावी लागली. शुद्धतेच्या नावाने दार लावले की माणसे खिडकीतून जातात, हे मी आमच्या गाण्यांच्या यादीबद्दलही म्हणतो आहे, हे चाणाक्ष वाचकांच्या लक्षात आलेच असेल.

नाताळचा रेडिओ म्हणजे आमच्यासाठी २४ डिसेंबरची रात्र, साडेआठ वाजता. इंग्लंडात तेव्हा दुपारचे तीन वाजलेले असतात आणि केंब्रिजच्या किंग्ज कॉलेजच्या चॅपलमध्ये नऊ पाठ आणि कॅरल्सची उपासना सुरू होते. पहिले महायुद्ध संपले त्याच वर्षी, १९१८ च्या नाताळात, ही रीत सुरू झाली. तिथल्या तरुण डीनने युद्धात पाद्री म्हणून काम केले होते आणि थकल्या माणसांसाठी काहीतरी नवे हवे असे त्याला वाटले. १९२८ पासून बीबीसी ती प्रक्षेपित करते. वडील सव्वाआठपासूनच लघुलहरीची सुई केसाकेसाने सरकवत. खरखर, मध्येच एखादा अरबी आवाज, शिट्टी, आणि मग एकाएकी एकट्या मुलाचा गळा. बाकी कोणी नाही, वाद्य नाही. त्या अनेक वर्षांत आम्ही कधी पूर्ण उपासना ऐकली असे झाले नाही. आवाज यायचा, बुडायचा, परत यायचा. पुढे मी वाचले की तो एकटा गाणारा मुलगा कोण, हे अगदी शेवटच्या घटकेला ठरते. तयारी करून दोन-तीन मुले उभी असतात आणि गायनप्रमुख एकाकडे बोट करतो. आईला हे सांगितले तेव्हा ती म्हणाली, “मग देवाचं बोलावणं तरी दुसरं काय असतं?”

तिला त्या इंग्रजीतले अक्षर कळत नव्हते. करंज्या तळता तळता ऐकायची.

पण मी जुन्याचे गोडवे गात बसलो तर ते खरे होणार नाही. उपदेशकाच्या सातव्या अध्यायात, दहाव्या वचनात, आधीचे दिवस याहून बरे का होते असे विचारू नकोस, हा प्रश्न शहाणपणाचा नाही, असे स्पष्ट बजावले आहे. त्या रेडिओत आमची भजने फारशी नव्हतीच. वर्षातून एकदा परदेशातले एक चॅपल ऐकायला मिळे आणि त्यात आम्ही धन्य. आज एखादे मराठी ख्रिस्ती गीत हवे असेल तर आमची मुले अर्ध्या मिनिटात काढून देतात, खरखरीशिवाय. शिवाय गिटारवरून जी कुरकुर चालते तिचाही मला कंटाळा आला आहे. ‘सायलेंट नाइट’, जे आमच्या ज्येष्ठांना सर्वांत पवित्र वाटते, ते २४ डिसेंबर १८१८ ला ऑस्ट्रियातल्या ओबर्नडॉर्फ गावी पहिल्यांदा म्हटले गेले ते गिटारवरच. शब्द तरुण पाद्री योझेफ मोर यांचे, चाल शाळामास्तर फ्रान्झ ग्रूबर यांची. म्हणजे एका मास्तराने आणि एका तरुणाने मिळून केलेले काम. बैठकीत मी हे सांगितले तेव्हा तरुण संघाने टाळ्या वाजवल्या आणि ज्येष्ठांनी माझ्याकडे फितुरासारखे पाहिले.

मग मी एज्राचा तिसरा अध्याय काढला. बंदिवासातून परत आलेले लोक मंदिराचा नवा पाया घालतात. ज्यांनी पहिले मंदिर पाहिले होते ते म्हातारे मोठ्याने रडतात, आणि ज्यांनी पाहिलेच नव्हते ते आनंदाने ओरडतात. दोन्ही आवाज इतके मिसळतात की लांबून ऐकणाऱ्याला रडणे कुठले आणि हर्ष कुठला, वेगळे करता येत नाही. मला त्या अध्यायात एक गोष्ट नेहमी जाणवते. कोणीही म्हाताऱ्यांना गप्प बसा म्हणत नाही. आणि म्हातारेही पाया घालणे थांबवत नाहीत.

खरी अडचण वेगळीच आहे. पुस्तकात शब्द आहेत. काही ठिकाणी वर रागाचे नाव, काही ठिकाणी ‘चाल’ म्हणून दुसऱ्याच एखाद्या पदाची खूण, जे पद आता कोणालाच येत नाही. पण आमच्या भागात ती गाणी जशी म्हणत, मध्येच कानडी तत्त्वपदासारखी ओळ खाली सोडून, ते कुठेही छापलेले नाही. इंटरनेटवर मुंबई-पुण्याच्या चाली मिळतात, चांगल्या आहेत, आमच्या नाहीत. आमची चाल आता एकाच गळ्यात आहे. तिला आम्ही सगळे अक्का म्हणतो. ऐंशीच्या पुढे वय, गेल्या पावसाळ्यापासून डावा हात चालत नाही, बोलताना शब्द अडखळतात. गाताना मात्र अडखळत नाहीत. डॉक्टरांनी सांगितले की असे होते, गाण्याचे शब्द कधी कधी बोलण्याच्या आधी परत येतात.

म्हणून तडजोड अशी झाली: नाताळफेरीत मराठी दोन गाणी, मोबाइलशिवाय, पेटीवर, अक्कांच्या चालीने. आणि ती शिकायला तरुण संघातल्या कोणीतरी अक्कांकडे जायचे. कोण जाणार, यावर बैठकीत बराच वेळ सगळे आपापले नखे पाहत होते. शेवटी दहावीतली एक मुलगी उठली. मराठी तिला समजते, बोलता अर्धीमुर्धी येते, वाचता येत नाही म्हटले तरी चालेल.

गेले तीन शनिवार मी तिच्याबरोबर जातो आहे, पेटी उचलायला. तिने दोन्ही गाणी वहीत कानडी लिपीत उतरवून घेतली आहेत. आता कानडीत आपल्यासारखा दोन प्रकारचा ‘च’ नाही, ‘झ’चेही तसेच. त्यामुळे ती ‘माझा’ म्हणते ते अक्कांना टोचते. अक्का उजवा हात वर करून थांबवतात, दाताला जीभ लावून दाखवतात. मुलगी पुन्हा म्हणते. पुन्हा हात वर. पहिल्या दिवशी एका शब्दावर पाव तास गेला आणि मला वाटले, ही पोर उद्या येणार नाही.

ती आली. येताना वहीत त्या अक्षरांखाली लाल टिंबे देऊन आली, जिथे जीभ दाताला लावायची तिथे टिंब. अक्कांनी वही हातात घेतली. त्यांना कानडी वाचता येत नाही, पण टिंबांवरून बोट फिरवत त्या सगळी ओळ म्हणाल्या.

गेल्या शनिवारी दुसरे कडवे झाले. तिसऱ्यात ती ओळ खाली सोडण्याची जागा आहे, जी मलाही कधी धड जमली नाही. मुलीने तीनदा प्रयत्न केला. अक्का म्हणाल्या, “पोरी, घाई काय करालीस? पेटी बंद कर बघू.” मी भाता मिटला. मग दोघी पेटीशिवायच म्हणू लागल्या, आणि मी मोबाइलचे ध्वनिमुद्रण सुरू करून तो अक्कांच्या खाटेच्या पायाशी ठेवला. बाहेर तुरीच्या मळणीचे यंत्र चालू होते, त्याचाही आवाज त्यात आला आहे.

अजून दोन शनिवार आहेत.