तळाची ओळ

जेरेमी गेजच्या गुणतक्त्यांच्या पुस्तकांत बुद्धिबळाचा एकही डाव नाही. पटाची आकृती नाही, कुणी वजीर बळी दिला त्याचं कौतुक नाही. १८५१च्या लंडनपासून १९३०पर्यंतच्या स्पर्धांचे निव्वळ तक्ते, चार खंड भरून. गेज (१९२७–२०११) फिलाडेल्फियातला पत्रकार. ज्याची भाकरी बातमीवर, त्याने हौसेपायी असं काम अंगावर घ्यावं की ज्यात बातमी नावालाही नाही, याची मला फार गंमत वाटते.

पण तक्ता वाचायची चटक लागली की सुटत नाही. हेस्टिंग्ज, १८९५. बावीस खेळाडू, साखळी पद्धत. बावीस ओळी, बावीस रकाने, आणि जिथे माणसाची गाठ स्वतःशीच पडते ती तिरकी घरं काळी केलेली. प्रत्येक डाव दोनदा येतो: जिंकणाऱ्याच्या ओळीत एक, हरणाऱ्याच्या ओळीत शून्य, बरोबरी झाली तर दोघांना अर्धा अर्धा. एकूण डाव २३१, म्हणजे सगळ्यांचे गुण मिळून २३१च भरायला हवेत. मी पेन्सिल घेऊन बेरीज केली. पिल्सबरी साडेसोळा, चिगोरिन सोळा, लास्कर साडेपंधरा, असं उतरत एकविसाव्या नावापाशी आलो तेव्हा २२८ झाले. तीन कमी. ते तीन तळाला, इटलीच्या वेर्गानीच्या खात्यावर.

पिल्सबरीवर लिहिणारे हवे तेवढे. बावीस वर्षांचा अमेरिकन पोरगा येतो काय आणि लास्कर, स्टाइनिट्झसारख्यांना मागे टाकतो काय! वेर्गानीबद्दल कोण लिहिणार? पण त्याची ओळ खोडा, सबंध तक्ता लंगडा पडतो.

तक्त्याला बरंच काही कळत नाही, हेही कबूल. याच स्पर्धेत स्टाइनिट्झने फॉन बार्डेलेबेनच्या गोटात, थेट राजाशेजारी हत्ती घुसवला. वजिराने मारावा तर पंचाईत, राजाने मारावा तरी पंचाईत. बार्डेलेबेन चकार शब्द न काढता उठला आणि दालनाबाहेर निघून गेला. त्याचं घड्याळ संपेपर्यंत चालत राहिलं. पुढची मात स्टाइनिट्झने जमलेल्या लोकांना पटावर मांडून दाखवली. तक्त्यात यातलं काय? एका घरात एक, दुसऱ्यात शून्य. कारकुनीच म्हणा ना! असेना. तो डाव आजही लोक हौसेने खेळून बघतात, त्याची काळजी गेजने करायची गरजच नव्हती.

१९८७ साली त्याचं ‘चेस पर्सोनालिया’ आलं. सुमारे १४,००० नावं. जन्म कुठे-कधी, मृत्यू कुठे-कधी, आणि हे कशाच्या आधारे. विश्वविजेता असो की मासिकांसाठी कूटप्रश्न रचणारा हौशी माणूस, साचा एकच. एका तारखेमागे किती खटाटोप असतो ते आजोबांच्या जन्मदाखल्यासाठी नगरपालिकेत ज्याने खेटे घातलेत त्याला विचारावं. घरात माहिती असते ती एवढीच, की प्लेगच्या साली झाले.

आपल्याकडच्या खेळाडूंचं तर विचारूच नका. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यावर कलकत्त्यात महेशचंद्र बॅनर्जी हे जॉन कॉक्रेन या स्कॉटिश बॅरिस्टरशी डावामागून डाव खेळत. १८५५च्या एका डावात, काळ्या मोहऱ्यांनी, त्यांनी आधी राजाकडचा घोडा काढला, मग त्या बाजूच्या घोड्याचं प्यादं एक घर सरकवलं आणि तिसऱ्या चालीला वजिराचं प्यादं दोन घरं पुढे टाकलं. पुढे १९२२ साली ग्रुनफेल्ड असं खेळला आणि बचावाला त्याचं नाव चिकटलं. महेशचंद्रांनी ते आधीच खेळून ठेवलं होतं, हे आपल्याला कळतं ते डाव कागदावर उतरले म्हणून. पण ज्यांच्यासमोर लिहून ठेवणारा कुणी बसलाच नाही, त्या ओसऱ्यांवरच्या देशी पद्धतीच्या पटाईतांचं काय? राग यावा तर तोही कुणावर?

आता स्विस लीगचं सॉफ्टवेअर फेरी संपताच क्रमवारी काढून देतं. तरी आमच्या गावातल्या रविवारच्या स्पर्धेतून वर्तमानपत्राकडे जातात ती पहिली दहा नावं. बाकीची संयोजकाच्या लॅपटॉपमध्ये, आणि लॅपटॉपचं आयुष्य ते किती! म्हणून मी पूर्ण तक्ता मागून घेतो, छापतो आणि फायलीला लावतो. परवा संयोजक वैतागला. “काका, बक्षिसाची यादी दिली ना, आणखी कशाला?” शेवटी दिला त्याने. बघतो तर तळाच्या ओळीत शून्य गुण आणि नावाच्या जागी नुसतं ‘सोनू’. लगेच परत फोन लावला. म्हटलं, त्या पोराचं शाळेतलं नाव काय, तेवढं विचारून सांग.