तारापूरच्या कोटापाशीं

पालघर गांवांत पांच हुतात्म्यांचें स्मारक आहे. १४ ऑगस्ट १९४२ रोजीं मोर्चावर गोळीबार झाला. त्यांत काशिनाथ पागधरे, गोविंद ठाकूर, रामचंद्र तिवारी, रामचंद्र चुरी व सुकुर मोरे हे पडले. सरकारच्या लेखीं ते बंडखोर. हातीं मात्र शस्त्र नव्हतें. शस्त्र धरलेल्या बंडखोरानें काय पाळावें, हा प्रश्न आम्हांस बोईसरवरून तारापूरच्या कोटाशीं गेल्यावर पडला.

इ. स. १७३९ च्या जानेवारींत चिमाजी अप्पांच्या फौजेनें सुरुंग लावून हा कोट घेतला. स्वारीचें मूळ फिरंगी अमलांतील प्रजेच्या गाऱ्हाण्यांत होतें, व अणजूरचे गंगाजी नाईक त्यांत पुढें होते. सबब ती निम्मी प्रजेचीच उठावणी म्हणावयाची. फिरंगी शर्थीनें लढले. बाजी भिवराव रेठरेकर येथेंच गोळी लागून पडले. असें असतां मे महिन्यांत वसई शरण आली, तेव्हां शिबंदीस शस्त्रांसह जाऊं दिलें, आठ दिवसांची मुदत दिली, आणि मागें राहणारांस आपला धर्म पाळण्याची मोकळीक ठेविली. हजारों माणसें गमावून हें केलें, म्हणून आम्हांस त्याचें मोल अधिक वाटतें. शरण आलेल्यास मारूं नये, हें मनूनें सातव्या अध्यायांत सांगितलेंच आहे.

आतां हाच नियम १९४९ च्या जिनीव्हा करारांच्या तिसऱ्या कलमांत आहे, व तो देशांतर्गत युद्धांत सरकार व बंडखोर या उभयतांस बांधतो. १९७७ च्या दुसऱ्या पुरवणी करारानें आणखी एक बंधन घातलें: ज्यांवरील हल्ल्यानें रहिवाशांची भयंकर हानि होईल अशीं धरणें, बांध व अणुवीज केंद्रें यांवर हल्ला करूं नये. कोटापासून फार दूर नाहीं तोंच १९६९ पासून चालू असलेलें अणुवीज केंद्र आहे. घिवली-दांडीच्या कोळ्यांचीं घरें त्याच्या आसपासच. वाचकांनीं मनाशींच ताडून पाहावें.

हिंदुस्थाननें मूळ करार १९५० सालींच मान्य केले, पुरवणी मात्र स्वीकारली नाहीं. बंडखोरांस मान्यता मिळेल ही भीति पुष्कळदां बोलून दाखविली जाते. पण तिसरें कलमच स्पष्ट सांगतें कीं त्यामुळें पक्षांच्या कायदेशीर दर्जांत फरक पडत नाहीं. तेव्हां ही भीति आम्हांस लटकी वाटते. आणि बंडखोर वचन देतच नाहींत असेंही नाहीं. नागांच्या आयझॅक-मुइवा गटानें २००३ सालीं माणसें मारणारे भूसुरुंग न वापरण्याच्या प्रतिज्ञेवर सही केली, ती कोणत्याही सरकारच्या सहीची वाट न पाहतां.